नांदेड टायपिंगला एक शेवटची संधी

माझं काम कृत्रिम बुद्धिमत्तेनं खाल्लं, असं मी उन्हाळ्याचे दोन महिने नांदेडभर सांगत फिरत होतो. कटिंगच्या दुकानात सांगितलं, किराणा दुकानात सांगितलं, एका बारशातही सांगितलं. लोक हळहळायचे. फार मोठ्या संकटात सापडलेल्या माणसाला जो मान मिळतो, तो मला आयुष्यात पहिल्यांदा मिळत होता. एक जण तर म्हणाला, "अमेरिकेतबी असंच चालू हाय म्हणं." हे मी घरी येऊन बायकोला जरा छाती काढूनच सांगितलं. ती म्हणाली, "अमेरिकेतल्या बायका नवऱ्याला दळण आणायला पाठवतात का न्हाई, तेवढं विचारा. डबा भरून ठेवलाय."

काम म्हणजे काय, तर लातूरच्या क्लासेसचे पेपर टाईप करायचे. लातुरात दर गल्लीत एक क्लास, दर क्लासात चार-दोनशे होऊ घातलेले डॉक्टर, आणि त्यांची दर रविवारी एक परीक्षा. क्लासचे सर हाताने प्रश्न लिहिणार, फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणार, आणि मी नांदेडला बसून त्याचा नीट छापील पेपर करणार. सूत्रं, पर्याय, उत्तरसूची, सगळं. असे पाच क्लास माझ्याकडे होते. इतक्या वर्षांत त्यांनी माझं तोंड पाहिलं नव्हतं आणि मी त्यांचं. धंद्याचा नंबर बायकोच्या फोनमध्ये होता, कारण मी फोन उचलत नाही अशी माझी घरात ख्याती आहे. पाचही क्लासांच्या फोनमध्ये तो नंबर 'नांदेड टायपिंग' म्हणून होता. आकृत्याही बायकोच काढायची. कप्पी, उतार, विजेची मंडलं. सुरुवातीला मी काढून पाहिल्या होत्या, पण माझी कप्पी बटाट्यासारखी यायची, आणि बटाट्यावरून गेलेल्या दोरीला किती ताण पडतो हे भौतिकशास्त्रात अजून आलेलं नाही.

तर हे पाचही क्लास एकापाठोपाठ एक गप्प झाले. भांडण नाही, तक्रार नाही. मी विचारलं, "सर, या रविवारचा पेपर?" तर नुसत्या दोन निळ्या रेघा. नोकरीवाल्याला काढताना निदान हातात कागद देतात, कुणी तरी "वाईट वाटतं" म्हणतं. आमच्यासारख्या सुट्या माणसाला निळ्या रेघांवरून ओळखावं लागतं की आपण मेलो.

वडिलांना, म्हणजे आमच्या दादांना, याचं दुःख झालं नाही. ते एस.टी.तून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. त्यांच्या मते मी आजवर करत होतो ते काम नव्हतंच, ते 'सवारी मिळाली तर' होतं. "परमनंट म्हंजे काय, कळतंय का तुला?" ते म्हणाले. "बस बंद पडली तरी कंडक्टर बंद पडत न्हाई." एवढं बोलून त्यांनी पेपरातली एक जाहिरात पुढे केली. तिच्याभोवती पेनाने इतक्यांदा गोल मारला होता की कागद फाटायच्या बेतात होता. लातूरच्या एका क्लासला मुद्रितशोधक पाहिजे. आणि खाली ठळक अक्षरांत: कायमस्वरूपी.

मी म्हणालो, "दादा, चाळिशी उलटलेल्या माणसाला कोण कायम करतं?"

"मला मोप वर्षं रोजंदारीवर घासल्यावर केलं. तुला तर डायरेक्ट करून राहिलेत."

बायकोने भाजी निवडता निवडता एकच विचारलं, "लातूरला राहणार कुठं?" मुलगी दहावीला, त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्नच नव्हता. मी म्हणालो, खोली घेईन, रविवारी येत जाईन. ती म्हणाली, "बघा. तुम्हाला घरातच कपाटातला टॉवेल सापडत न्हाई, तुम्ही तिथं चुका शोधणार."

लोहा, अहमदपूर करत बस लातूरला पोचली. जाहिरातीतल्या पत्त्यावर गेलो आणि पाटी वाचून उभाच राहिलो. माझ्या पाचांतलाच एक क्लास. मला खरं तर आनंद झाला. म्हटलं, आत जाऊन सांगू, सर, नांदेड टायपिंग म्हणजे मीच, आपलं जुनं नातं. तशी मुद्राही करून आत गेलो.

सर पन्नाशीचे होते, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज वर्गात शिकवतात तसाच. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक पेपर माझ्यासमोर आपटला. "बसा. याच्यात चुका शोधा. आमच्या एका नांदेडच्या टायपिंगवाल्याची ही करामत आहे."

मी तोंड मिटलं.

आता इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. भौतिकशास्त्राचे सगळे प्रश्न एकाच आजोबाची नातवंडं असतात. मनोऱ्यावरून चेंडू सोडला, जमिनीवर यायला किती वेळ लागेल? एका क्लासचा मनोरा वीस मीटरचा, दुसऱ्याचा पंचेचाळीस. मग टायपिंगवाला काय करतो? एका क्लासची जुनी फाईल उघडतो, आकडे बदलतो आणि दुसऱ्याला देतो. चोरी नाही ही; प्रश्न ज्याचे त्याचेच, मी फक्त तयार कणीक वापरायचो. माझ्या हातून इतके चेंडू पडले आहेत की मनोरा दिसला की मला आपोआप दहाने गुणावंसं वाटतं.

त्या पेपरात मी मनोरा पंचेचाळीस मीटरचा केला होता आणि पर्याय वीस मीटरचेच ठेवले होते. खरं उत्तर तीन सेकंद. पर्यायांत एक होतं, दोन होतं, चार होतं, पाच होतं. तीन नव्हतं. पुढे असेच आणखी नऊ प्रताप. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, बारीक पण स्वच्छ अक्षरांत, समोरच्या गल्लीतल्या क्लासचं घोषवाक्य: 'रँक आमचा, बाकी तुमचे.'

मी पेन घेतलं. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत म्हणतात, ते खोटं आहे. फक्त त्या दुसऱ्याच्या आहेत असं समोरच्याने सांगावं लागतं. वीस मिनिटांत मी अकरा काढल्या.

सरांनी पेपर पाहिला. माझ्याकडे पाहिलं. "आमच्या प्राध्यापकांना सात सापडल्या होत्या." मग त्यांनी बाकीची कहाणी सांगितली. ते घोषवाक्य पाहून पालक चालून आले होते, की दोन क्लासांचे पेपर एकच आहेत म्हणून. समोरच्या क्लासनेही त्याच दिवशी त्या नांदेडवाल्याला बंद केलं, आणि उरलेल्या तिघांना चहा गार व्हायच्या आत खबर लागली. "त्याला सांगितलं का?" मी विचारलं. सर म्हणाले, "कशाला सांगायचं? तो काय आपला माणूस आहे? बंद केलं, विषय संपला."

म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेचा काहीच दोष नव्हता. होती ती माझी नैसर्गिक बुद्धिमत्ता.

मी आपला माणूस झालो. तीन महिने बघू, मग कायम, असं ठरलं.

घरी आल्यावर बायकोला खरं ते सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "त्या दिवशी तुम्ही लग्नातली पंगत जेवून आला आणि बसला पेपर करायला. मी म्हणलं होतं, उद्या सकाळी पाठवा." मग थोड्या वेळाने, "पण त्यांनी सांगायला तरी पाहिजे होतं." दादांना आम्ही चुकांचं काही सांगितलं नाही. ते गल्लीत पेढे वाटायला निघाले होते.

कायम नोकरीची मजा मला पहिल्या आठवड्यातच कळली. अंगठा लावायच्या यंत्राने माझा अंगठा तीनदा नाकारला, चौथ्यांदा घेतला. आधी घासू द्या, असं त्यालाही बहुतेक दादांनी सांगितलं असावं. गळ्यात पट्टा आणि फोटो. अकरा वाजता चहा आपणहून टेबलावर. सुट्या धंद्यात काम नसलं की दर पाच मिनिटांनी बायकोचा फोन उघडून बघावा लागतो. नोकरीत काम नसलं की नुसतं कपाळाला आठी घालून स्क्रीनकडे बघायचं असतं. मला ते इतकं जमलं की शेजारचा अकाउंटंट म्हणाला, "लई टेन्शन घेता बुवा तुम्ही." त्या वेळी मी चहा यायला अजून किती वेळ आहे ते बघत होतो.

मग सराव परीक्षांचा हंगाम आला. पेपर आठवड्याला एकाचे चार झाले. क्लासने आणलेलं फोटोवरून टाईप करणारं सॉफ्टवेअर वर्गमूळ दिसलं की घाबरायचं. सर माझ्या टेबलाशी आले. "त्या नांदेडवाल्याला परत विचारावं का? तुमचं मत काय?"

म्हणजे मला काम द्यायचं की नाही, हे मी ठरवायचं होतं. मी शक्य तितक्या तटस्थपणे म्हणालो, "एक संधी द्यायला हरकत नाही."

"मग क्लासच्या नंबरवरून तुम्हीच लिहा. कडक लिहा."

मी लिहिलं: 'आपल्या मागील कामात अकरा त्रुटी आढळल्या होत्या. तरी एक शेवटची संधी देण्यात येत आहे.' सर मागे उभं राहून म्हणाले, "निष्काळजी घाला." मी घातलं. "नुसतं निष्काळजी?" मी स्वतःहून 'बेजबाबदार' जोडलं. "वा," सर म्हणाले, "आता जमलं."

दोन मिनिटांत नांदेड टायपिंगचं उत्तर आलं. 'महोदय, संधीबद्दल आभारी आहोत. मागील वेळी टायपिंग करणारा इसम आता आमच्याकडे नाही. तो दुसरीकडे नोकरीस लागला आहे. त्यामुळे आता चुकांची काळजी नसावी.'

सर खूश झाले. "बघा. काढून टाकलं त्यांनी त्याला. शिस्तीची माणसं दिसतात."

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. बायको. 'निष्काळजी कुणी लिहिलं, तुम्ही का सरांनी?'

'सरांनी.'

'आणि बेजबाबदार?'

'ते माझं.'

'बरोबर हाय.'

आणि मग पेपर येऊ लागले. मी लाल पेन घेऊन बसायचो आणि ते पेन कोरडं परत खिशात ठेवायचो. पहिल्या पेपरात चूक नाही. दुसऱ्यात नाही. मनोरा जेवढा उंच, पर्याय तेवढेच. आकृत्या तर तिच्या होत्याच. कप्प्या अशा गोल की हात फिरवावासा वाटावा. इतकी वर्षं मी टाईप करायचो आणि ती 'मदत' करायची, असं आम्ही सगळ्यांना सांगत आलो होतो. चार आठवड्यांत सोळा पेपर आले आणि मला सापडला एक जादा स्वल्पविराम. तोही मी लाजून तसाच सोडला.

सरांच्याही ते लक्षात आलं. तिसरा महिना संपत आला होता. चहा माझ्या टेबलावर ठेवायला लावून ते समोर बसले. हे चांगलं लक्षण नसतं. "नांदेडवाले आता चुका करतच नाहीत," ते म्हणाले.

"हो सर. सुधारले."

"मग तुम्ही दिवसभर काय करता?"

मी आठी घातली. पण ती अकाउंटंटसाठी होती, सरांवर चालली नाही. "बघू," ते उठताना म्हणाले, "एक तारखेला ठरवू कायमचं."

त्या रविवारी घरी गेलो ते तोंड पाडूनच. नांदेड टायपिंगचं काम जितकं चांगलं, तितकी माझी नोकरी पातळ. एकाच घरातल्या दोन माणसांपैकी एकाची भाकरी दुसऱ्याच्या अकलेने करपत होती. दादा व्हरांड्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "एक तारखेला परमनंट." मी बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला वाटाणा सोलून संपवला. मग म्हणाली, "एक-दोन चुका ठेवत जाऊ का?"

"काय?"

"बारक्या. कुणाला लागणार न्हाईत अशा. तुम्ही शोधायच्या."

आयुष्यभर मी चुका फुकट केल्या आणि आता ही माझ्यासाठी मुद्दाम करायला निघाली होती. याला प्रेम म्हणावं की काय म्हणावं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. मी तडकलो. "मी काय भिकारी आहे का, चुका मागायला?"

"बरं राहिलं," ती म्हणाली. "मी आपलं म्हणलं."

सोमवारी पेपर आला. पाठोपाठ माझ्या फोनवर: 'तेवीसमध्ये ठेवली आहे. वाटलं तर घ्या, न्हाईतर गुपचूप दुरुस्त करून सोडा.'

प्रश्न तेवीस. कप्पीवरून दोरी, एका टोकाला चार किलो, दुसऱ्या टोकाला सहा. त्वरण किती? मी गणित केलं. दोन. पर्यायांत दोन होतं. उत्तरसूचीतही दोनच. एकक बरोबर. आकृती पाहिली, दोरी दोरीच्या जागी, बाण बाणांच्या. उलटं धरून पाहिलं. प्रश्न मागून पुढे वाचला. चहा आला आणि गार झाला, जे त्या टेबलावर प्रथमच घडत होतं. चूक सापडेना.

मी काल स्वाभिमानाने तडकलो होतो, ते सोडा. आता वेगळीच पंचाईत होती. ती चूक मला मिरवायची नव्हती, पण काढून तर टाकायला हवी होती. दोन वाजता पेपर छपाईला जाणार, रविवारी तो मुलांच्या हातात पडणार, आणि त्यांचे एकेका गुणासाठी रात्रंदिवस हिशेब चाललेले. मला माझा पंचेचाळीस मीटरचा मनोरा आठवला. त्या वेळी निदान ठाऊक नव्हतं. आता ठाऊक असून सोडायचं? बायकोला फोन लावला. तिने उचलला नाही. ही सवय तिने माझ्याकडूनच घेतली असणार.

पावणेदोनला मी सरांच्या खोलीत गेलो.

"सर, तेवीसमध्ये चूक आहे."

"शाबास. कुठं?"

"माहीत नाही."

सरांनी चष्मा काढला. "मग आहे हे कसं माहीत?"

"जिने केली तिने सांगितलंय."

"कुणी?"

"माझ्या बायकोने."

यानंतर जे झालं ते मी उभ्याने सांगितलं आणि सरांनी बसून ऐकलं. नांदेड टायपिंग म्हणजे कोण, नोकरीस लागलेला इसम कोण, अकरा चुका कुणाच्या. मध्ये त्यांनी एकदाच अडवलं. "आणि ते समोरच्या क्लासचं घोषवाक्य?"

"तेही मीच."

"म्हणजे ज्याने अकरा चुका केल्या, त्यालाच मी अकरा सापडल्या म्हणून घेतलं." ते खिडकीकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचे पट्टे हलायला लागले, तेव्हा मला कळेना की माणूस चिडलाय की हसतोय. दोन्ही असावं. मग त्यांनी क्लासच्या फोनवरून नांदेड टायपिंगला फोन लावला आणि आवाज मोठा केला. क्लासचा फोन तिने पहिल्या घंटेला उचलला.

"बाई, तेवीसमध्ये काय चूक आहे?"

नवऱ्याने बिंग फोडलंय हे तिला तेवढ्यावरून कळलं असावं. "छापा सर," ती म्हणाली. "पोरांचं नुकसान होईल असं मी काही पाठवत नसते."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. "बाई, इथे कायमची एक जागा आहे. तुम्ही येता का?"

माझ्या समोर. माझीच जागा.

"न्हाई सर," ती म्हणाली. "माझ्याकडं इथं एक माणूस कायम हाय, तोच सांभाळणं होईना. मी घरूनच करीन. पण एक आहे. चूक झाली तर तोंडानं सांगायचं. मुक्यानं बंद करायचं न्हाई. आम्ही दोन महिने कॉम्प्युटरला शिव्या देत बसलो."

आता एक तर ते फोन ठेवणार किंवा मला बाहेर काढणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "कबूल." मग माझ्याकडे वळले. "तुमचं काय करायचं?"

"मी जातो, सर."

"बरं झालं. मलाच म्हणावं लागलं असतं."

गळ्यातला पट्टा काढून ठेवला. अंगठा मात्र यंत्राने जाताना पहिल्याच झटक्यात घेतला.

आता आम्ही दोघं घरी काम करतो. टाईप ती करते, आकृत्या ती काढते, मी आकडे पडताळतो आणि पानाच्या तळाशी कुणाचं घोषवाक्य आहे ते दोनदा बघतो. पाचांतले तीन क्लास परत आलेत. हंगाम संपल्यावर त्यांचं काम राहील की परत निळ्या रेघा येतील, हे मला माहीत नाही. लातूरच्या त्या एका सरांनी मात्र मागच्या आठवड्यात तोंडाने एक चूक सांगितली. ती माझी होती.

दादांना अजून नीट उलगडलेलं नाही. परवा मी तो जुना पेपर घेऊन व्हरांड्यात बसलो होतो. तेवीसवा प्रश्न. मुलांनी सोडवला, सरांनी तपासला, एकाची तक्रार आली नाही. बायकोला कितीदा विचारलं, ती नुसती हसते. दादा आतल्या दिशेने ओरडले, "सूनबाई, हा परमनंट हाय का न्हाई, एकदा सांग बरं मला. लोकं विचारून राहिलेत."

आतून उत्तर आलं, "तेवीसमधली चूक काढू द्या त्यांना आधी. मग बघू."

मी कागद उलटा धरला.